स्वयंसेवक गोळा करणं सोपंय, पण त्यांचं बघणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाच्या, म्हणजे आपल्या नाशिकच्या कुंभमेळ्याच्या, तयारीच्या बातम्या सध्या तुमच्या पेपरात रोज असतात आणि त्यात दर दोनचार दिवसांनी एक बातमी ठरलेली, अमुक संस्था इतके हजार स्वयंसेवक देणार, तमुक मंडळ तितके देणार, खाली क्यूआर कोड. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही असे फॉर्म येत असतात, त्यातले काही मी मुद्दाम उघडून बघितले. नाव, मोबाईल, आधार नंबर, रक्तगट (हे एक बरंय) आणि टी-शर्टची साईज. माणूस उभा करायचाय गोदावरीत, रामकुंडावर नाहीतर गांधी तलावापाशी, तेही ऐन ऑगस्टात, गंगापूर धरणातून कधीही पाणी सोडतील अशा दिवसांत, आणि फॉर्ममध्ये पोहता येतं का हा प्रश्नच नाही. बीपी-शुगर आहे का, हिंदी बोलता येतं का, रात्रपाळी चालेल का, घरी कोणाला कळवायचं, काही नाही. टी-शर्ट मात्र मापात बसला पाहिजे.

मला स्वयंसेवकांबद्दल तक्रार करायची नाहीये, नाशिकला हौशे-नवशे-गवशे कधीच कमी पडले नाहीत आणि मनापासून राबणारेही कमी नाहीत. माझं म्हणणं आहे ते त्यांना गोळा करणाऱ्या, शिकवणाऱ्या, कुठे पाठवायचं ते ठरवणाऱ्या मंडळींबद्दल. म्हणजे स्वयंसेवक आणि काम यांच्या मधे जे टेबल असतं त्या टेबलाबद्दल. त्या टेबलाला काही किमान दर्जा हवा की नको? हॉटेलच्या किचनला लायसन लागतं, रिक्षाला परमिट लागतं, आणि शेकडो पोरापोरींना गर्दीत नेऊन उभं करणाऱ्या संस्थेला मात्र एक बॅनर आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. यावर कोणी काही बोललं की लगेच ऐकायला मिळतं, "अहो सेवा आहे ही, सेवेत कसला दर्जा, भावना महत्त्वाची." भावना महत्त्वाची आहेच पण भावनेने पोरगं पाण्यात पडलं तर बाहेर येत नाही.

मी बँकेतून रिटायर झाल्यापासून अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक (ते सांगतील ते पेपरात लिहिणारा माणूस) मिळवून द्यायच्या कामात आहे, आम्ही काहीजणी मिळून करतो, संस्था वगैरे नाही. परीक्षेच्या सीझनमध्ये काय होतं ते सांगते म्हणजे मी दर्जा दर्जा का करतेय ते लक्षात येईल. रात्री साडेनऊला मेसेज येतो, "उद्या सकाळी अकराचा पेपर, लेखनिक हवा, अर्जंट." हा मेसेज वीसबावीस ग्रुपवर फिरतो, खाली धडाधड अंगठे पडतात, "मी येतो", "मी येते", "कळवा". सकाळी सेंटरवर एकतर तिघं येऊन उभे राहतात नाहीतर कोणीच नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला असेल. आणि जो आलाय त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की फोटो लागतात, कॉलेजचं आयडी लागतं, लेखनिकाची परवानगी आधीच घ्यावी लागते, आणि उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक असेल तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा खालचं लागतं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लेखनिकाचे नियम आहेत, तासाला वीस मिनिटं जादा वेळ द्यायचा हेही आहे, पण गेटवर उभ्या असलेल्या एफवाय बीकॉमच्या पोराला ते कसं माहीत असणार. तो बिचारा मित्राची गाडी मागून देवळालीहून आलेला असतो आणि केंद्रावरचे सर त्याला म्हणतात तू चालणार नाहीस.

हा झाला आत जाण्याआधीचा घोळ. आतला त्याहून वाईट. एक मुलगी होती, इतिहासाचा पेपर, तिला मिळालेली लेखनिक अतिशय हुशार, अक्षर मोत्यासारखं. पेपर झाल्यावर लेखनिक खुशीत मला सांगत होती, "काकू, तिची दोनतीन उत्तरं जरा विस्कळीत होती, मी नीट करून लिहिली." आणि ती मुलगी बाजूला गप्प उभी. नंतर मला म्हणाली, "ताई, मी सांगितलं होतं ते तिने लिहिलंच नाही, मी परत वाचून दाखव म्हणलं तर म्हणाली वेळ जाईल." आता यात त्या लेखनिकेचा दोष काढू नका, तिने चांगलंच करायला घेतलं होतं. तिला पाठवणाऱ्याने फक्त एवढं सांगायचं होतं की जे बोलतील तेच लिही, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही, शुद्धलेखनाची शंका आली तर विचार, शेवटी वाचून दाखव, आणि तुझं मत काही असेल तर ते पोटात ठेव. अर्ध्या तासाचं काम. हे अर्ध्या तासाचं काम कोणाचं? कोणाचंच नाही, कारण मेसेज फॉरवर्ड करणारा म्हणतो मी फक्त फॉरवर्ड केला.

तेव्हापासून आम्ही नियम केले. पेपरच्या आदल्या संध्याकाळी लेखनिकाला फोन, मेसेज नाही, फोन. प्रत्येक पेपरला एक राखीव माणूस, त्याला आधीच सांगायचं की तू राखीव आहेस म्हणजे तो रागावत नाही. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला मराठी लिहायची सवय असलेलाच लेखनिक, कारण इंग्रजी मीडियमची मुलं बोलतात छान पण जोडाक्षरं आली की अडतात. गणिताला तर अगदी पारखून. आणि पेपर झाल्यावर दोघांनाही वेगवेगळा फोन, कसं झालं. हा शेवटचा फोन सगळ्यात महत्त्वाचा, विद्यार्थी लेखनिकासमोर खरं बोलत नाही. यात पैसा जवळजवळ लागत नाही, वेळ लागतो आणि कोणीतरी एकजण जबाबदार लागतो. लग्नाच्या पंगतीत वाढायला ढीगभर पोरं असतात पण भात कोणाकडे, वरण कोणाकडे, तूप कधी फिरवायचं हे सांगणारा एक काका लागतो, तो नसेल तर एका पानात चारदा कोशिंबीर पडते आणि दुसरं पान कोरडं.

तर हा काका म्हणजे काय याचा इतर ठिकाणी व्यवस्थित विचार झालाय. इंग्लंडमध्ये बऱ्याच गावांत व्हॉलंटिअर सेंटर असतात, त्यांचं कामच हे, ज्याला सेवा करायचीय त्याच्याशी बोलायचं, त्याला काय येतं ते बघायचं, गावातल्या संस्थांना काय हवंय ते बघायचं आणि दोघांची गाठ घालून द्यायची. शिवाय संस्थांना स्वयंसेवकांशी नीट कसं वागायचं ते शिकवायचं, नवीन कामं तयार करायची, आणि स्वयंसेवकांच्या वतीने सरकारशी बोलायचं. या सेंटरना तिथल्या एनसीव्हीओ नावाच्या संस्थेने दर्जाची मान्यता द्यायची पद्धत बसवली होती, म्हणजे तुम्ही ही कामं खरंच करता का ते पुराव्यासकट दाखवा मग मान्यता. आणि स्वयंसेवक घेणाऱ्या संस्थांसाठी इन्व्हेस्टिंग इन व्हॉलंटिअर्स म्हणून वेगळं मानक आहे. मुद्दा कळला का, स्वयंसेवकाची परीक्षा नाही, त्याला बोलावणाऱ्याची परीक्षा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचंही एक मानक आहे २०१७ चं, २२३१९ नंबरचं, आपत्तीच्या वेळी आपणहून धावून येणाऱ्या लोकांचं काय करायचं यावर. म्हणजे पूर आला की घाटावर जे पन्नासजण न बोलावता येतात त्यांच्यावर जगात कोणीतरी बसून विचार केलाय.

लगेच कोणी म्हणेल साहेबांच्या देशातलं कौतुक नको. ठीक आहे, आपल्याकडचं घ्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ पासून आपदा मित्र योजना आणली, त्यात स्वयंसेवकाला रीतसर ट्रेनिंग, ओळखपत्र, किट आणि विमा. विमा! आपल्या गणपती विसर्जनाला नदीत उतरून मूर्ती घेणाऱ्या पोरांपैकी कितीजणांचा विमा कोणी काढलाय ते मंडळांनी सांगावं. कॉलेजातली एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) तर १९६९ ला गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी २४ सप्टेंबरला सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठं आणि चाळीसेक हजार विद्यार्थी होते, आज देशभर आहे, नाशिकच्या कॉलेजांमधूनही आहे. मेरा युवा भारत म्हणून पोर्टलही ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं. म्हणजे माणसं मिळवायची यंत्रणा आपल्याकडे आहे, भरपूर आहे. घोडं अडतं ते त्याच्या पुढे.

एनएसएसचंच बघा. दोन वर्षांत २४० तास भरायचे. नियम चांगला आहे पण आपल्याकडे मोजायची गोष्ट मिळाली की माणूस मोजण्यातच गुंततो. गोदाघाटाच्या स्वच्छता मोहिमा मी अनेकदा बघितल्यात, मुलं सकाळी सातला येतात, बॅनर लागतो, पाहुणे येतात, पाहुण्यांच्या हातात नवाकोरा झाडू देतात, फोटो होतो, मग खरी साफसफाई सुरू होते आणि तोवर निम्मी मुलं चहाच्या टपरीवर. जी मुलं मनापासून खाली उतरतात त्यांच्या हातात ग्लोव्हज नसतात. आणि घाटावर कचरा कसला असतो माहितीय ना, निर्माल्य तर असतंच पण घरातले जुने देवांचे फोटो, काचेच्या फ्रेमसकट, लोक आणून नदीकाठी ठेवतात, टाकवत नाहीत म्हणून. त्या काचा पिशवीत हाताने भरताना एका मुलाचा तळवा चिरलेला मी पाहिलाय, तिथे फर्स्ट एडची पेटी नव्हती, मोहिमेचा प्रमुख पाहुण्यांना सोडायला गेलेला, शेवटी एका फुलवालीने हळद दाबली आणि त्याला रिक्षात घालून नेलं. संस्थेचं नाव घेत नाही, बाकी कामं चांगली करतात ते लोक. पण त्या मुलाच्या सर्टिफिकेटवर चार तास लागले आणि संस्थेच्या अहवालात तो एक सहभागी युवक म्हणून मोजला गेला, झालं. परत तो कधी घाटावर आला असेल असं मला वाटत नाही.

म्हणून माझ्या मते दर्जा मोजायचाच तर हा एक आकडा मोजा की माणूस दुसऱ्यांदा आला का. पहिल्यांदा येणारा उत्साहात येतो, मित्राबरोबर येतो, मार्कांसाठी येतो. दुसऱ्यांदा येतो तो तेव्हाच जेव्हा पहिल्यांदा त्याला काहीतरी खरं काम मिळालेलं असतं, पाणी मिळालेलं असतं आणि जाताना कोणीतरी नावाने हाक मारलेली असते. किती हजार नोंदले यापेक्षा त्यातले किती परत आले हे छापा, बघा कितीजण बातमी द्यायला येतात.

सिंहस्थाचं काम तर फारच वेगळं. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, मग २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ अशी नाशिकची अमृतस्नानं, त्र्यंबकला तिसरं १२ तारखेला. नाशिकमध्ये राहणाऱ्या माझ्या वयाच्या कोणालाही २७ ऑगस्ट २००३ विसरता येणार नाही, सरदार चौकाच्या त्या उतारावरच्या अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली, बायका जास्त. गर्दी ही काय चीज आहे ते त्या दिवशी कळलं. अशा ठिकाणी स्वयंसेवक उभा करायचा म्हणजे त्याला मागे सरका, पुढे व्हा एवढं ओरडता येऊन चालत नाही. दोर कधी धरायचा आणि मुख्य म्हणजे कधी सोडायचा हे कळायला हवं. लोंढा आला की आपण कुठल्या बाजूला व्हायचं, पोलिसांच्या बंदोबस्तातल्या कुठल्या साहेबाचं ऐकायचं आणि आपल्या संस्थेच्या प्रमुखाचं ऐकायचं की नाही, दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर काय. मोबाईलचं नेटवर्क पर्वणीच्या दिवशी बसतंच, मग गुगल मॅपची लिंक काय कामाची, खिशात छापील कार्ड पाहिजे, जवळचं आरोग्य केंद्र कुठे, हरवले-सापडले केंद्र कुठे, बसचा पार्किंगतळ कुठल्या बाजूला. आलेला भाविक भोजपुरीत विचारतो, गुजरातीत विचारतो, आणि आपला स्वयंसेवक सिडकोतून आलेला, त्यालाच पंचवटीतल्या गल्ल्या माहीत नसतात. खोटं नाही सांगत, मागच्या सिंहस्थात माझ्याच भाचीला एक आजी विचारत होत्या काळाराम मंदिर कुठल्या बाजूला आणि ही म्हणाली थांबा आजी, मी पण कोणाला तरी विचारते.

तिचाच किस्सा पुढे. तिला पहाटे चारला उभं केलं ते दुपारी दोनपर्यंत कोणी बदलायला आलं नाही. पाण्याची बाटली एक. मुलींसाठी टॉयलेट कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं म्हणून त्या चारपाच मुलींनी पाणीच प्यायचं नाही असं ठरवलं, आणि त्यातली एक चक्कर येऊन पडली. आता मला सांगा, मदतीला आणलेल्या पोरीला ॲम्ब्युलन्समध्ये घालावं लागलं म्हणजे आपण व्यवस्थेला मदत केली का भार टाकला. किती तासांची पाळी, बदली कोण, पाणी-खाणं कोण देणार, टॉयलेट कुठे, घरी कसं जायचं, या पाच ओळी ज्या संस्थेला लेखी देता येत नाहीत तिला माणसं मागायचा हक्क नाही असं माझं स्पष्ट मत आहे, मग ती कितीही मोठ्या महाराजांची असो की कितीही मोठ्या कंपनीची.

अजून एक, हे जरा नाजूक आहे पण बोलायलाच हवं. हरवलेली मुलं, एकट्या म्हाताऱ्या बायका, आश्रमशाळा, वृद्धाश्रम, अशा ठिकाणी जाणारा स्वयंसेवक कोण आहे हे आधी बघितलं पाहिजे. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने शाळांमधल्या कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचं फर्मान काढलं, पण रविवारी येऊन मुलांना गोष्टी सांगणारे, खाऊ वाटणारे, वाढदिवस साजरा करणारे त्यात धरले जातात का? दादा चांगल्या घरातला दिसतो, इंग्रजी बोलतो, गाडीतून येतो, मग कोण विचारणार. पोलिसांकडून पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो, फार मोठी गोष्ट नाही. आणि दाखला आला तरी मुलांजवळ एकटा कोणी नको, नेहमी दोघंजण, एवढा नियम तर फुकटात होतो. कोणाला याचा राग येत असेल तर त्याने झाडं लावायला जावं, तिथेही माणसं हवीच आहेत.

आणि ते आधार कार्ड. प्रत्येक संस्थेला आधारची झेरॉक्स हवी असते, का ते विचारलं तर "लागतं". मग त्या झेरॉक्स एखाद्या ऑफिसच्या कपाटात, नंतर वडापाव बांधायला जात असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला पण आपल्या मंडळांच्या गावीही नाही. स्वयंसेवकांचा ग्रुप काढतात, त्यात मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि मोहीम संपल्यावर त्याच ग्रुपवर कुठल्यातरी भावी नगरसेवकाच्या दिवाळीच्या शुभेच्छा यायला लागतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने तर रक्तदान शिबिरात मदत केली आणि नंतर सहा महिने तिला प्लॉटच्या स्कीमचे फोन. सेवा करणाऱ्याचा नंबर हा संस्थेचा माल नाहीये हे कोणीतरी ठणकावून सांगायला हवं.

यावर छोटी मंडळं म्हणतील, झालं, आता सेवेलाही सरकारी कागद, आम्ही काय दुकान बंद करायचं का. त्यांचं खरं आहे थोडं. धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब, देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून ८०जी, कंपन्यांचा सीएसआर निधी पाहिजे तर अजून फॉर्म, एवढ्यातच दोनचार माणसांची संस्था दमून जाते. म्हणून गल्लीतल्या मंडळाला आणि हजार माणसं उतरवणाऱ्या संस्थेला एकच माप लावू नका. छोट्यांना एक पान पुरे, त्यावर सहासात प्रश्न, हो किंवा नाही. मोठ्यांची मात्र नीट तपासणी. आणि कृपा करून ते आयएसओ मानांकित बोर्डाचं प्रकरण नको. आपल्याकडे शाळा, पोलीस ठाणी, ग्रामपंचायती, सगळीकडे आयएसओचे बोर्ड लागले, सोहळे झाले, आणि आत नळाला पाणी नाही. एजन्सीला पैसे दिले की मानांकन, मग फाईल कपाटात. तशा दर्जापेक्षा काहीच नसलेलं बरं, निदान लोकांची फसगत तरी होत नाही.

मग तपासणार कोण? माझं उत्तर, जे स्वयंसेवक सोडून गेले ते. संस्थेच्या यादीतले कुठलेही थोडे नंबर काढा, त्यातले निम्मे न परतलेले असू देत, आणि फोन करा. तुम्हाला काम आधी समजावून सांगितलं का, अडचण आली तेव्हा फोन उचलला का, खर्च झाला तर मिळाला का, कोणी उद्धट बोललं का, परत बोलावलं तर जाल का. एका दुपारचं काम आहे. अहवालाच्या चकचकीत पानांतून जे कळत नाही ते या फोनवर पाच मिनिटांत कळतं, बँकेत कर्जदाराची चौकशी आम्ही अशीच करायचो, कागद बघायचे आणि मग शेजारच्या किराणावाल्याला विचारायचं.

दुसरं म्हणजे मुदत. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे, सरकारी कार्यालयात दाखला किती दिवसांत मिळेल ते बोर्डावर लिहावं लागतं. तसंच इथे हवं. नोंदणी केली की इतक्या दिवसांत कोणीतरी फोन करणार, काम असेल तर काम, नसेल तर आत्ता नाही असं स्पष्ट सांगणार. आत्ता काय होतं, माणूस फॉर्म भरतो, सबमिट म्हणतो, धन्यवाद असं येतं आणि मग शुकशुकाट. रिटायर्ड माणसं तर फार उत्सुक असतात, आमच्या हास्यक्लबात रिटायर्ड इंजिनिअर आहेत, नर्स आहेत, एसटीतले कंट्रोलर आहेत, गर्दी हाताळण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही, कंट्रोलर तर सणासुदीला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, गाड्या काढलेला माणूस आहे. त्याने दोन ठिकाणी नाव दिलंय, अजून कोणाचा फोन नाही. कदाचित वय बघून बाजूला काढलं असेल, तर तसं सांगा ना.

आता हे टेबल मांडायचं कोणी. कुंभमेळा प्राधिकरण आहे, महापालिका आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाचा कक्ष आहे, यातलं कोणीही पुढाकार घ्या पण चालवायला गावातली माणसं घ्या. मुक्त विद्यापीठ इथे नाशकात आहे, आरोग्य विद्यापीठही इथेच आहे. स्वयंसेवकांसाठी दोनचार दिवसांचा छोटा अभ्यासक्रम मुक्त विद्यापीठाने करावा, घरबसल्या माणसांना शिकवायची त्यांना सवय आहे, आणि प्रथमोपचाराचं आरोग्य विद्यापीठाने बघावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वयंसेवकांना समन्वयकांनी कसं वागवायचं याचं शिक्षण आधी, कारण तोंडाळ समन्वयक एका दिवसात पन्नास माणसं घालवतो. बरं, हे टेबल सिंहस्थ संपल्यावर गुंडाळू नका. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला लागलं की सगळं गाव पुलावर बघायला जातं, आणि दुसऱ्या दिवशी सराफ बाजारात, भांडी बाजारात चिखल काढायला खरोखर हात लागतात तेव्हा कोणाला बोलवायचं हे कोणालाच माहीत नसतं. आम्हाला लेखनिक दरवर्षी लागतात. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त दर महिन्याला लागतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना बँकेत घेऊन जायला कोणीतरी लागतं, गंगापूर रोडला अशी घरं किती आहेत बघा, मुलं सगळी पुण्याला नाहीतर अमेरिकेत.

राहता राहिला पैसा. स्वयंसेवक फुकट असतो, त्याला सांभाळणं फुकट नसतं, हे एकदा मान्य करायला हवं. पगारी दोन माणसं पाहिजेत, हौशी नकोत, कारण हौशी माणूस परीक्षा आली की, घरात लग्न निघालं की गायब होतो आणि त्याला बोलताही येत नाही. रस्त्यालगत एक खोली, आत पंखा, पिण्याचं पाणी, एक लँडलाइन जी वाजली की कोणीतरी उचलेल, आणि तक्रारवही. एवढ्या मोठ्या सिंहस्थाच्या आराखड्यात हा खर्च दिसणारही नाही. पण कुठल्या हेडखाली टाकायचा म्हणून तो अडणार हे मला बँकेतल्या अनुभवावरून आत्ताच दिसतंय, तेव्हा अकाउंटवाल्या साहेबांनी ते हेड आधी शोधून ठेवावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक